दान आपले, देणे शासनाचे

संस्थेच्या स्मरणिकेत लिहावयाचे म्हणजे आठवणी लिहावयाच्या, असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. पत्र्याच्या शेडमधील पहिला वर्ग, वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात चाललेली अभ्यासिका, पहाटेची वंदना, सुट्टीहून परतताना आईने बांधून दिलेली शिदोरी या आठवणी या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असतील. संपादक मंडळाने माझ्याकडूनही तीच अपेक्षा केली होती. त्यांची क्षमा मागून मी या पानांवर पैशाविषयी लिहीत आहे.

त्याला कारण या अंकाच्या शेवटी दिलेली देणगीदारांची नामावली आहे. ती छपाईला जाण्यापूर्वी वाचण्याचा योग आला. अनेक नावे ओळखीची निघाली. एस.टी.मध्ये वाहक असलेला वर्गमित्र, अंगणवाडी सेविका झालेली धाकट्या तुकडीतील भगिनी, सेवानिवृत्तीच्या रकमेतून मोठी देणगी देणारे आपले जुने शिक्षक, आणि एका पालकाने मजुरीतून वाचवलेली लहानशी रक्कम. वाचताना ऊर भरून आला. मग या पैशातून काय झाले, तो तपशील वाचला. मुलींच्या वसतिगृहाचे गळके छत बदलले. स्वच्छतागृहे बांधली. पिण्याच्या पाण्याची टाकी बसवली. ब्लँकेट घेतली. उरलेल्या रकमेतून ग्रंथालयासाठी कपाटे आणि अजिंठ्याची एक सहल झाली. हा तपशील वाचल्यावर अभिमानाच्या जागी अस्वस्थता आली, आणि ती अद्याप गेलेली नाही.

ग्रंथालयाची कपाटे आणि अजिंठ्याची सहल यांना मी दान म्हणेन. ज्या शाळेने आपल्याला घडवले तिला अधिक समृद्ध करण्यासाठी कृतज्ञतेने दिलेली ती भेट आहे. परंतु छत, शौचालय आणि पिण्याचे पाणी? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि शुद्ध पाणी असलेच पाहिजे, असे लिहिले आहे. संसदेने जे असलेच पाहिजे म्हटले, ते एका मजुराने आपल्या मजुरीतून भरले. या व्यवहाराला दान हे सुंदर नाव देऊन आपण कोणाची तरी जबाबदारी झाकतो आहोत, असे मला वाटते.

यावर नियम जाणणारे सांगतील की, खाजगी अनुदानित शाळेची इमारत ही संस्थेची जबाबदारी असते. शासन मुख्यतः वेतनाचा भार उचलते. नियम तसाच आहे, आणि माझी तक्रार त्या नियमाविषयीच आहे. संस्थेपाशी पैसा असतो, असे तो नियम गृहीत धरतो. ज्या संस्थेचे सभासद व्यापारी, बागायतदार आणि कारखानदार असतात, तिच्या बाबतीत हे गृहीतक चालून जाते. जी संस्था भूमिहीनांनी, गिरणी कामगारांनी आणि प्राथमिक शिक्षकांनी पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडून उभी केली, तिलाही तोच नियम लागतो. नियम एकच असला तरी तो पाळण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

वसतिगृहातील मुलाच्या ताटापर्यंत हा प्रश्न जातो. स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित वसतिगृहांना, निवासी शाळांना आणि आश्रमशाळांना शासन प्रत्येक निवासी विद्यार्थ्यामागे दरमहा परिपोषण अनुदान देते. ते पूर्वी १,५०० रुपये होते. २०२३ मध्ये २,२०० रुपये झाले. ही वाढ मोठी होती आणि तिचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. पण २,२०० ला तीसने भागून पाहावे. दिवसाला सुमारे ७३ रुपये येतात. त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या रोजच्या इतर गरजा बसवावयाच्या. ज्यांनी घर चालवले आहे त्यांना, विशेषतः इथे जमलेल्या माता-भगिनींना, या आकड्याचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आकड्याहूनही मला अधिक खटकते ती त्याची रीत. शासकीय वेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो. बाजारभाव चढला की तोही चढतो, आणि त्याचा फेरविचार वर्षातून दोनदा होतो. तूरडाळीचे भाव चढले तरी वसतिगृहातील मुलाचे अनुदान मात्र जागच्या जागी राहते. ते वाढावयाचे तर मागण्या, निवेदने, मोर्चे, मंत्रिमंडळाची बैठक आणि शासन निर्णय एवढा प्रवास व्हावा लागतो. तोवर मूल दोन इयत्ता पुढे जाते. शिवाय अनुदान हप्त्याहप्त्याने आणि बहुधा उशिराने येते. अशा काळात गावातील किराणा दुकानदाराची उधारीची वही हाच शाळेचा खरा अर्थसंकल्प असतो. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या अधीक्षकांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवून धान्य आणल्याची गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू. आज वाटते, त्या गोष्टीत अभिमानाच्या जोडीला थोडी चीड असावयास हवी होती.

आपल्या शाळेला निदान अनुदान आहे. महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ या नावाचा एक वर्ग अनेक वर्षे होता. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द काढला गेला, मूल्यांकनाच्या अटी आल्या, आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के वेतन अनुदान मंजूर झाले. उरलेले ८० टक्के कोठून यावेत, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नव्हते. ते शिक्षकांनी दिले. कोणी सायंकाळी दुसऱ्याच्या शेतावर गेले, कोणी रिक्षा चालवली, कोणी उमेदीची पंधरा वर्षे ‘आज ना उद्या टप्पा वाढेल’ या आशेवर काढली. शिक्षकाने घरी न नेलेला पगार हेच त्या शाळेचे अनुदान होते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी संस्थांनी काढलेल्या अनेक निवासी शाळाही वर्षानुवर्षे याच वाटेने चालल्या. त्यांचे शिक्षक आझाद मैदानावर बसलेले आपण पाहिले आहेत. आपल्यापैकी काहीजण त्यांच्यात होते.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी नेमके हिशेबावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या घामातून येतो, तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे आपल्याला परिचित आहे. त्याच निवेदनात अनुदानाच्या पद्धतीवर त्यांनी घेतलेला आक्षेप मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या काळी परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरत असे. ज्यांच्या घरात शिक्षणाची गोडी अजून रुजलेलीच नाही अशा गरीब वर्गांच्या शाळांना ही पद्धत उपयोगाची नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट सांगितले. ज्याच्या घरी चार पिढ्यांची पाटी आहे आणि ज्याच्या घरी पहिलीच पाटी आली आहे, त्या दोघांना एकाच मापाने मोजून पैसे वाटले तर पैसे पहिल्याकडेच जाणार, हे त्यांनी ओळखले होते.

पंचेचाळीस वर्षांनी हाच धागा बाबासाहेबांनी उचलला. महाडचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर त्यांचे भाषण झाले. महाडचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. १२ मार्च कोणाच्या लक्षातही नसतो. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेला एक अर्थशास्त्रज्ञ त्या दिवशी बोलत होता. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. लोकांकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हेही त्यांनी दाखवून दिले. फीमधून खर्च वसूल करण्याच्या सरकारी धोरणावर त्यांनी टीका केली आणि शिक्षण खाते हे देवाणघेवाणीच्या हिशेबाने चालवण्याचे खाते नव्हे, असे बजावले.

त्या भाषणातील सर्वांत मोलाचा विचार याच्यापुढे येतो. प्रांतातील निरनिराळे समाज शिक्षणात एकमेकांपासून किती दूर आहेत हे आकड्यांनी दाखवल्यावर बाबासाहेबांनी म्हटले की, या सर्वांना समतेच्या पातळीवर आणावयाचे असेल तर विषमतेचे तत्त्व स्वीकारून जे पातळीच्या खाली आहेत त्यांना अधिक द्यावे लागेल. सर्वांना सारखे द्या, असे ते म्हणाले नाहीत. असमान स्थितीतील माणसांना समान वाटप केले तर असमानता जशीच्या तशी टिकते, एवढेच नव्हे तर तिला न्यायाचा शिक्का मिळतो. आज अनुदानाचा प्रत्येक नियम ‘सर्वांना एकच दर’ म्हणून स्वतःचे समर्थन करतो, तेव्हा मला १२ मार्च १९२७ ची आठवण येते.

‘एकच दर’ या युक्तिवादाचा फोलपणा समजून घ्यावयाचा तर एका परक्या देशातील खटला उपयोगी पडतो. बाबासाहेब ज्या देशात अर्थशास्त्र शिकले त्या अमेरिकेतीलच तो आहे. तेथे सरकारी शाळांचा कारभार लहान लहान शाळा-जिल्ह्यांकडे असतो. प्रत्येक शाळा-जिल्हा आपल्या हद्दीतील घरादारांवर मालमत्ता कर बसवतो आणि त्यातून शाळा चालवतो. वरून राज्य सरकार काही रक्कम घालते. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात असे अनेक जिल्हे होते. त्यांपैकी एजवुड हा गरीब जिल्हा. तेथील सुमारे नव्वद टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते. काही मैलांवर अलामो हाइट्स हा धनिक गोऱ्यांची बहुसंख्या असलेला जिल्हा होता. मे १९६८ मध्ये एजवुड येथील सुमारे चारशे विद्यार्थी मोडकळीस आलेल्या इमारती आणि अपुऱ्या पात्रतेचे शिक्षक यांच्या निषेधार्थ वर्गाबाहेर पडले. त्याच वर्षी डिमिट्रिओ रॉड्रिग्ज या कामगार पालकाने इतर पालकांसह न्यायालयात धाव घेतली.

खटल्यात पुढे आलेले १९६७-६८ चे आकडे पाहण्यासारखे आहेत. एजवुडचे रहिवासी मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत होते. शहराच्या परिसरातील तो सर्वाधिक दर होता. अलामो हाइट्सचे रहिवासी ०.८५ डॉलर भरत होते. म्हणजे गरिबांनी स्वतःवर अधिक कर लादून घेतला होता. एवढे करून एजवुडच्या हाती विद्यार्थ्यामागे किती पडले? २६ डॉलर. अलामो हाइट्सला कमी दरातून मिळाले ३३३ डॉलर, कारण तेथील घरेच महाग होती. आता राज्य सरकारने ही दरी बुजवली असेल असे वाटेल. राज्याने एजवुडला विद्यार्थ्यामागे २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सला २२५! केंद्राची मदत धरून एकूण आकडा झाला ३५६ आणि ५९४. राज्याने दोघांना जवळजवळ सारखे दिले होते, आणि त्या सारखेपणाखाली एका मुलाचे शिक्षण दुसऱ्याच्या मुलापेक्षा किती तरी स्वस्तात उरकले जात होते.

२१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉड्रिग्ज यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा त्या देशाच्या संघराज्यीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत थरगुड मार्शल होते. ज्यांनी १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद संपवणारा ब्राउन खटला वकील म्हणून जिंकला, तेच हे मार्शल. शाळेचे दार उघडले तरी आतील वर्गाला पैसा कोण पुरवणार हा लढा बाकीच राहतो, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? लढा मात्र थांबला नाही. एजवुडचे लोक आपल्या राज्याच्या न्यायालयात गेले, आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली. १९९३ च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या करातील काही वाटा गरीब जिल्ह्यांकडे वळवला गेला. श्रीमंतांनी त्याला रॉबिन हूडचा कायदा म्हणून हिणवले. पहिल्या खटल्यापासून त्या कायद्यापर्यंत पंचवीस वर्षे लागली. १९६८ च्या मे महिन्यात वर्गाबाहेर पडलेली मुले तोवर चाळिशीकडे झुकली होती.

आपल्याकडे शाळांसाठी असा स्थानिक मालमत्ता कर नाही, म्हणून ही गोष्ट आपल्याला लागू नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्या कराची जागा आपल्याकडे ‘लोकसहभाग’ या गोड शब्दाने घेतली आहे. भिंत रंगवा, संगणक घ्या, डिजिटल वर्ग करा, लोकसहभागातून! शहरातील नामवंत शाळेचे माजी विद्यार्थी परदेशातून एका बैठकीत जेवढे देतात, तेवढे जमवण्यासाठी आपल्याला गावोगाव हिंडावे लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले, आणि कंपनीचा व्यवहार जेथे चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले. कारखाना जेथे आहे तेथे निधी जाणार. ज्या दुष्काळी तालुक्यातून मुलांचे आईबाप सहा महिने ऊसतोडीला जातात, त्या तालुक्यात कारखाना नसतो. म्हणूनच तर ते जातात. आणि त्यांच्या पाठीमागे मुले कोठे राहतात? आपल्यासारख्या वसतिगृहांत. एजवुडप्रमाणे आपला समाज आपल्या मिळकतीच्या मानाने अधिक देतो, आणि त्यातून उभे राहते ते कमीच असते.

आपल्यालाही एक गोष्ट अधिक आहे. शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, हे पॉवेल यांचे बहुमत आपल्या न्यायालयाला म्हणता येणार नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१ क आले आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. हक्क आहे, पण त्याला लागणाऱ्या पैशाचे सूत्र नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या धोरणानेही तेच सांगितले. त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहणे भाग आहे. शासन संस्थांवर अविश्वास दाखवते तो सर्वस्वी निराधार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले किती मोठ्या संख्येने निघाली, ते सर्वांनी पाहिले. मुलांच्या ताटातले खाणाऱ्या संस्था होत्या आणि आहेत. त्यांत महापुरुषांची नावे फलकावर लावणाऱ्याही आहेत. त्याची लाज त्या महापुरुषांना नव्हे, आपल्याला वाटावयास हवी. म्हणून पट तपासा, कोठीघर तपासा, ताट तपासा, अचानक या, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु चोर संस्थेची शिक्षा प्रामाणिक संस्थेतील मुलाला भुकेच्या रूपाने देऊ नये. चोरी पकडण्याचा मार्ग वेगळा आहे आणि पैसे रोखण्याचा वेगळा. दुसरा सोपा आहे, एवढाच त्याचा गुण.

बौद्ध म्हणून या प्रश्नाकडे पाहताना मला दीघनिकायातील कूटदन्त सुत्त महत्त्वाचे वाटते. दान या विषयावर प्रवचने ऐकताना आपण दानपारमितेविषयी ऐकतो. राज्याने पैसा कसा खर्चावा याविषयी क्वचित ऐकतो. या सुत्तात भगवान बुद्ध महाविजित राजाची कथा सांगतात. राज्यात चोऱ्या आणि लूटमार माजली आहे आणि राजाला मोठा यज्ञ करावयाचा आहे. पुरोहित त्याला अडवतो. लोक त्रस्त असताना त्यांच्यावर आणखी कर बसवू नकोस, दंडाने आणि वधानेही हा उपद्रव संपणार नाही, असे तो सांगतो. त्यापेक्षा जे शेती करतात त्यांना बी-बियाणे दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे राजसेवा करतात त्यांना योग्य वेतन दे. येथे राजाचा मोठेपणा सांगितलेला नाही, त्याचे काम सांगितले आहे. व्यक्तीने स्वेच्छेने दिलेले दान आणि राज्याने कर्तव्य म्हणून करावयाचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्याची उणीव पहिल्याने भरून काढण्याची सवय लागली की, राज्याला आपल्या कर्तव्याची आठवणही राहत नाही.

मग न्याय्य अनुदान कसे असावे? माझ्या मते मुलागणिक सारखी रक्कम हा केवळ पाया असावा. त्यावर मुलाच्या परिस्थितीनुसार भर पडावी. पहिल्या पिढीतील शिकणारे मूल, स्थलांतरित मजुराचे मूल, निवासी मुलगी, दुर्गम वस्तीतील शाळा या प्रत्येकासाठी अधिक. परिपोषण अनुदान महागाईच्या निर्देशांकाला जोडले जावे, म्हणजे ताटासाठी मोर्चा काढावा लागणार नाही. पहिला हप्ता जूनमध्ये शाळेच्या पहिल्या घंटेपूर्वी जमा व्हावा. आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी अन्यत्र वळवता येणार नाही, न खर्चलेला बुडणार नाही, अशी कायद्याने तरतूद व्हावी. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये असे कायदे केले. आपल्या राज्यातही ही मागणी जुनी आहे. लहान पटाच्या शाळांचा विचारही याच दृष्टीने व्हावा. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा प्रति विद्यार्थी खर्च जास्त येतो हे कारण सांगितले गेले. वाडीवरच्या मुलावर खर्च जास्त येणारच. ते वाडीवर राहते म्हणून.

या मागण्या शासनाकडे पोहोचवावयाच्या तर निवेदनांच्या जोडीला आकडे हवेत, आणि ते आकडे आपल्यापाशीच आहेत. माझी संस्थेला एक सूचना आहे. यापुढे देणग्यांच्या वहीत दोन रकाने करावेत. जे शासनाच्या कर्तव्याच्या पलीकडचे आहे, म्हणजे कपाटे, सहल, पालीचे वर्ग, व्याख्यानमाला, ते पहिल्या रकान्यात. कायद्याने असावयासच हवे होते पण समाजाने भरले, ते दुसऱ्यात. छत, शौचालय, पाणी, अनुदान उशिरा आल्यामुळे किराणा दुकानदाराला दिलेले पैसे, आणि शिक्षकांनी न घेतलेला पगारही. दरवर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या रकान्याची बेरीज करून ती लेखापरीक्षित हिशेबासह समाज कल्याण कार्यालयाला, शिक्षण विभागाला, आमदारांना आणि खासदारांना पाठवावी, आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या संस्थांनाही तसे करावयास सांगावे. दहा वर्षांच्या अशा बेरजा शंभर संस्थांकडून आल्या, तर विधिमंडळात कोणाला तरी त्या वाचाव्या लागतील.

हे लिहिताना देणग्या थांबवा असे मला सुचवावयाचे नाही. पावसाळा शासन निर्णयाची वाट पाहत नाही आणि आपल्या मुली गळक्या छताखाली झोपू नयेत. माझी यंदाची देणगी मी या लेखासोबत कोषाध्यक्षांकडे पाठवली आहे. ती दुसऱ्या रकान्यात लिहावी आणि पावतीवर ‘दान’ या शब्दाऐवजी ‘शासनाकडून येणे’ असे लिहून द्यावे, अशी त्यांना विनंती आहे.